लाइन कोण थांबवणार?

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव लागते. या गावच्या थांब्यावर थोडा वेळ उभे राहिलात, तर दोन प्रकारच्या गाड्या तुमच्या नजरेस पडतील. एक शेतातून परतणारी बैलगाडी आणि दुसरी प्रवाशांची वाट पाहणारी तीन चाकी रिक्षा. बैलगाड्या आता पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत, हे खरे. पण अजून त्या दिसतात. मी तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतो. या दोन्ही गाड्या कोणी बनवल्या?

बैलगाडीविषयी उत्तर सोपे आहे. गाडी जुनी असेल तर गावातले एखादे वृद्ध गृहस्थ लगेच सांगतील, ‘ही अमक्या सुताराच्या हातची.’ रिक्षाविषयी विचारले, तर तुम्ही कंपनीचे नाव सांगाल. पण बनवणाऱ्या माणसाचे नाव? ते कोणालाच सांगता येणार नाही. गंमत अशी, की ज्यांनी ती रिक्षा जोडली, त्यांनासुद्धा ‘ही मी बनवली’ असे म्हणता येणार नाही. प्रत्येकाने तिचा लहानसा भाग बसवला आणि ती पुढे सरकली.

या दोन उत्तरांमध्ये जो फरक आहे, त्याविषयीच मला आज तुमच्याशी बोलायचे आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या दहावी, बारावी किंवा आय.टी.आय. करून कारखान्यात काम शोधायला जाल. म्हणून हा विषय केवळ माहितीचा नाही.

आधी बैलगाडीकडे पाहू. जुन्या पद्धतीची लाकडी चाकाची गाडी करायची, म्हणजे सुतार प्रथम लाकूड पारखून घेई. बाभळीचे वाळलेले लाकूड हवे, त्याला चीर नको, कीड नको. चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर गोलाकार पुठ्ठे आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवण्याचे काम लोहार आणि सुतार मिळून करीत. लोखंडी कडे आगीत लाल करायचे, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच त्यावर पाणी ओतायचे. चर्रर्र असा आवाज होई, वाफेचा ढग उठे. लोखंड थंड होताना आकसते आणि चाकाला घट्ट धरते. हे पाहायला आम्ही मुले शाळा सुटल्यावर गोळा होत असू. विज्ञानाच्या पुस्तकात ‘धातू उष्णतेने प्रसरण पावतात’ हा धडा पुढे आला, तेव्हा मला तो नवीन वाटला नाही.

अशा कारागिराला लाकूड, लोखंड, आग आणि बैलाची चाल या सर्वांचे ज्ञान असे. पण त्याच्या कामात एक मोठी अडचण होती. एका चाकाचा आरा मोडला, तर दुसऱ्या चाकाचा आरा तिथे बसत नसे. त्याच तुंब्याला बेतून नवा आरा घडवावा लागे. शिवाय एक गाडी पुरी व्हायला बरेच दिवस लागत. ज्याच्याजवळ पैसा होता, त्याच्या दारात नवी गाडी उभी राही. बाकीचे शेजाऱ्याकडून मागून आणत, नाहीतर डोक्यावर ओझे वाहत. हुनर थोर होते, पण त्याचे फळ थोड्यांनाच मिळत होते. जुन्या कारागिरीच्या आठवणी काढताना आपण ही गोष्ट सहसा विसरतो.

आता रिक्षा पाहा. तिचा एखादा भाग बिघडला, की चालक परभणीच्या दुकानात जातो, तसाच दुसरा भाग विकत घेतो आणि बसवतो. तो भाग बसतोच, कारण एका प्रकारचे सर्व भाग एकाच मापाचे असतात. कानस घेऊन घासत बसावे लागत नाही. मोठ्या प्रमाणावर वस्तू बनवण्याची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे कामाची वाटणी. इंग्रज विचारवंत म्हणून अनेकजण ज्याला ओळखतात, पण जो मूळचा स्कॉटलंडचा होता, त्या ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात टाचण्यांच्या एका छोट्या कारखान्याचे उदाहरण दिले आहे. एकाने तार ओढायची, दुसऱ्याने ती सरळ करायची, तिसऱ्याने तोडायची, चौथ्याने टोक काढायचे. अशा रीतीने दहा माणसे दिवसाला सुमारे ४८,००० टाचण्या करीत. त्याच माणसांनी एकेकट्याने पूर्ण टाचणी करायची ठरवली असती, तर प्रत्येकाच्या हातून दिवसाला वीससुद्धा झाल्या नसत्या, असे त्याने लिहिले आहे.

पण या दोन पायऱ्यांवरही काम पुरे झाले नव्हते. माणूस अजून वस्तूकडे चालत जात होता. तिसरी पायरी अमेरिकेत चढली गेली, हेन्री फोर्ड यांच्या मोटारींच्या कारखान्यात. ते साल होते १९१३ आणि ठिकाण होते डेट्रॉइट शहराजवळचे हायलंड पार्क.

तिथे इंजिनाला ठिणगी पुरवणारे एक चुंबकी यंत्र तयार होत असे. एक कुशल कामगार ते आपल्या टेबलावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडी. त्याला सुमारे वीस मिनिटे लागत. १९१३ च्या वसंत ऋतूत तिथल्या लोकांनी ते काम २९ भागांत तोडले आणि २९ माणसांना रांगेत उभे केले. पहिल्याने आपले काम करून यंत्र दुसऱ्याकडे सरकवायचे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. एका यंत्राला लागणारा वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आला. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की कामगारांना फार वाकावे लागते. रांगेची उंची काही इंच वाढवली. वेळ सात मिनिटांवर आला. त्यानंतर यंत्रे सरकवण्यासाठी साखळी लावली आणि वेळ पाच मिनिटांवर आला.

मला यातला उंचीचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. नवे यंत्र आणले नव्हते, नवा शोध लागला नव्हता. माणसाची पाठ वाकते याकडे कोणीतरी पाहिले, एवढेच. आणि तेवढ्याने जवळजवळ निम्मा वेळ वाचला. याच वर्षी त्यांनी मोटारीचा सांगाडा दोरीने ओढत नेऊन त्यावर चालता चालता भाग बसवण्याचा प्रयोग केला. पुढे दोरीच्या जागी साखळी आली. पूर्वी एका सांगाड्याच्या जोडणीला सुमारे साडेबारा तास लागत. १९१४ मध्ये ९३ मिनिटे लागू लागली. आता माणूस उभा राहिला आणि काम त्याच्याकडे चालत येऊ लागले. यालाच ‘असेंब्ली लाइन’ म्हणतात. आपल्याकडचे कामगार नुसते ‘लाइन’ म्हणतात आणि मीही पुढे तोच शब्द वापरणार आहे.

या कल्पनेची प्रेरणा कुठून मिळाली, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. शिकागो शहरातील मोठ्या कत्तलखान्यांत जनावराचे धड वर टांगलेल्या सरकत्या आकड्यावरून एका कसायापुढून दुसऱ्याकडे जात असे आणि प्रत्येकजण आपल्या वाटणीचा तुकडा कापून घेई. तिथे वस्तू सुटी होत होती. फोर्डच्या माणसांनी तीच रीत उलट दिशेने चालवली.

याचा परिणाम काय झाला? १९०८ साली फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ मोटार सुमारे ८५० डॉलरला मिळत होती. १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत साधा नमुना ३०० डॉलरपेक्षाही कमी किमतीत मिळू लागला. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. मोटार ही श्रीमंतांची हौस होती, ती शेतकऱ्याच्या अंगणात आली. बैलगाडीच्या बाबतीत जे आपल्या सुताराला शक्य झाले नाही, ते लाइनने करून दाखवले. गरीब माणसाला वस्तू परवडू लागली. यंत्रयुगाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी या गोष्टीचे उत्तर दिले पाहिजे, असे मला वाटते.

मात्र याच कारखान्यात त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडत होती. कामगार काम सोडून जात होते. थोडेथोडके नव्हे. सुमारे १४,००० जागा भरलेल्या राहाव्यात म्हणून १९१३ या एका वर्षात ५०,००० हून अधिक माणसे नव्याने घ्यावी लागली. माणसे येत, काही दिवस तोच खिळा, तीच चकती, तोच नट फिरवत आणि निघून जात. शेवटी जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. ही रक्कम पूर्वीच्या मजुरीच्या दुपटीहून अधिक होती. कामाचे तासही नऊवरून आठ केले. कारखान्याच्या दारात हजारो लोक जमले.

पुस्तकांत ही गोष्ट मालकाच्या मोठ्या मनाचे उदाहरण म्हणून अनेकदा सांगितली जाते. मी ती तशी सांगणार नाही. पगार वाढला, कारण त्या कामावर माणूस टिकत नव्हता. आणि पाच डॉलर सर्वांना सरसकट मिळत नव्हते. कामगार घरी कसा राहतो, पैसा कसा खर्च करतो, दारू पितो का, हे पाहण्यासाठी कंपनीची माणसे त्याच्या घरी जात. पगार दुप्पट झाला, त्याबरोबर मालकाची नजर कामगाराच्या चुलीपर्यंत पोहोचली. चार्ली चॅप्लिन या विनोदी नटाने १९३६ साली ‘मॉडर्न टाइम्स’ नावाचा चित्रपट काढला. त्यात तो सरकत्या पट्ट्यावर नट आवळत असतो आणि पट्टा सोडून बाहेर आला तरी त्याचे हात तसेच फिरत राहतात. संधी मिळाली तर हा चित्रपट पाहा. त्यात बोलणे जवळजवळ नाहीच, त्यामुळे भाषेची अडचण येणार नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली मोटार बाहेर पडली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बरीच वर्षे याच कंपनीच्या होत्या. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनीने इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून व्हेस्पा स्कूटर बनवल्या. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये तिची स्वतःची ‘चेतक’ आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे.

चेतकची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. तुमच्या घरातील मोठ्या माणसांना विचारा. एके काळी चेतकसाठी पैसे भरून नाव नोंदवावे लागे आणि मग वाट पाहावी लागे. किती? काही ठिकाणी जवळजवळ दहा वर्षे! मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नाच्या सुमारास दारात येई. कारखाना होता, लाइन होती, कामगार होते, घेणारे तर रांगा लावून उभे होते. मग अडले कुठे? १९५१ च्या कायद्यानुसार कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा, यासाठी सरकारचा परवाना लागत असे. परवान्यापेक्षा जास्त माल काढणे हा गुन्हा ठरू शकत होता. ही बंधने ऐंशीच्या दशकात सैल होत गेली आणि १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांसाठी परवाना पद्धत संपली. म्हणजे वस्तू स्वस्त आणि मुबलक होण्यासाठी नुसती लाइन पुरत नाही. ती किती वेगाने चालवायची हे कोण ठरवतो, यावर सारे अवलंबून असते. त्या काळात ते दिल्लीच्या कचेरीत ठरत होते.

१९८५ मध्ये बजाजने औरंगाबादजवळ वाळूज येथे कारखाना सुरू केला. औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. या कारखान्यात मोटारसायकली आणि तीन चाकी रिक्षा तयार होतात. झरीच्या थांब्यावरची रिक्षा याच कंपनीची असेल, तर ती बहुधा वाळूजच्या लाइनवरूनच आलेली असते. मोठ्या कारखान्याच्या आसपास त्याला सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने उभे राहिले. मराठवाड्याच्या खेड्यांतील मुले रेल्वेने, एस. टी. ने तिकडे जाऊ लागली. ज्या घरात पूर्वी पाऊस पडला तरच पैसा दिसे, त्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. या बदलाला मी लहान मानत नाही. कोरडवाहू शेतीत दोन वर्षे लागोपाठ पीक गेले म्हणजे काय होते, हे परभणी जिल्ह्यातील मुलांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि हा बदल मुलग्यांपुरता राहिला नाही. पुण्याजवळ चाकणला बजाजची ‘डॉमिनार’ ही मोटारसायकल २०१६ मध्ये बाजारात आली, तेव्हा ती जोडणाऱ्या लाइनवर सर्व कामगार स्त्रिया होत्या. जड सामान उचलायला यंत्र असेल आणि उंची नीट ठेवली असेल, तर लाइनवर ताकदीपेक्षा नजर आणि हाताची सफाई लागते. वर्गातल्या मुलींनी हे लक्षात ठेवावे.

एवढे सांगून झाल्यावर मला माझ्या एका विद्यार्थ्याविषयी सांगितले पाहिजे. तो झरीचाच. वर्गात फार हुशार नव्हता, पण हाताने काहीही दुरुस्त करायचा. शाळेची घंटा, सायकल, एकदा तर मुख्याध्यापकांचा पंखा. आय.टी.आय. करून तो एका कारखान्यात लागला. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. पहिल्या ईदला घरी आला तेव्हा मला भेटायला आला. मी विचारले, ‘काय काम करतोस?’

‘सर, चार बोल्ट.’

‘चार बोल्ट म्हणजे?’

‘गाडी समोर येते. चार बोल्ट लावतो. गाडी जाते. दुसरी येते.’

मी हसलो, पण तो हसला नाही. तो म्हणाला, ‘काम अवघड नाही, सर. पगार वेळेवर होतो. पण पाणी प्यायला जायचे असेल, तर बदली माणूस यावा लागतो. तो आला नाही, तर तसेच उभे राहायचे. गाडी तर थांबत नाही.’ मग थोडा वेळ गप्प राहून त्याने सांगितले, की त्याच लाइनवर त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस कायम नोकरीत आहे आणि हा स्वतः कंत्राटदाराकडून आलेला आहे. काम तेच, बोल्ट तसेच. पगारात मात्र बराच फरक.

त्या दिवसापासून लाइनविषयी माझे मत बदलले, असे नाही. पण ते पक्के झाले. आमच्या गावाकडे या विषयावर दोन प्रकारची माणसे भेटतात. काहीजण म्हणतात, बापाचा धंदा सोडा, कारखान्यात जा, तिथेच पैसा आहे. काहीजण म्हणतात, कारखाना माणसाला यंत्र बनवतो, आपला हुनर बरा. मला दोघांचेही पटत नाही. पहिल्यांना चार बोल्ट दिसत नाहीत. दुसऱ्यांना कोरडे शेत दिसत नाही.

महात्मा गांधींना लोक यंत्रांचे शत्रू समजतात. पण त्यांनी स्वतः १९२४ मध्ये एका चर्चेत सिंगरच्या शिलाई मशीनला आपला अपवाद म्हटले होते, कारण ते यंत्र बायकोचे सुईने शिवण्याचे कष्ट कमी व्हावेत या प्रेमातून जन्मले, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या आसपासच्या टेलर मास्टरकडे पाहा. तोही यंत्रच चालवतो. पण पायाखालची पायटी तो वाटेल तेव्हा थांबवतो. नमाजची वेळ झाली, पाहुणा आला, दोरा तुटला, की मशीन थांबते. मोठ्या शहरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यातही तसेच शिलाई मशीन असते. तिथे एकजण दिवसभर कॉलर शिवतो, दुसरा कफ, तिसरा फक्त काजे. शर्ट स्वस्त होतो, म्हणून आपणही तोच विकत घेतो आणि मास्टरकडे केवळ लांबी कमी करायला नेतो. मशीन दोन्हीकडे आहे. दोघांत फरक आहे तो मशीन थांबवण्याच्या अधिकाराचा.

तुम्ही म्हणाल, लाइन थांबवण्याचा अधिकार कामगाराला दिला, तर कारखाना चालणार कसा? शंभर माणसे असतील, तर शंभर वेळा थांबेल! ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर जपानमध्ये मिळते आणि ते एका सुताराच्या मुलाने सुरू केले.

साकिची टोयोडा हे त्याचे नाव. त्याचा जन्म १८६७ चा. त्याने कापड विणण्याच्या मागांत सुधारणा करण्यात आयुष्य घालवले. साध्या यंत्रमागाचा एक दोष असतो. धागा तुटला तरी माग चालूच राहतो आणि कापड खराब होत जाते. म्हणून प्रत्येक मागावर डोळ्यांत तेल घालून माणूस उभा ठेवावा लागतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथे ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांना हे माहीत असेल. टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा माग पूर्ण केला, की जो धागा तुटताच आपोआप थांबे. चूक झाली की थांबायचे, चुकीचा माल पुढे जाऊ द्यायचा नाही, ही त्यामागची कल्पना.

पुढे त्यांच्या मुलाने १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन केली. त्या कारखान्यांत हीच कल्पना माणसांच्या हाती देण्यात आली. लाइनच्या बाजूने एक दोरी बांधलेली असे. कोणत्याही कामगाराला काही चूक दिसली, भाग नीट बसला नाही, की त्याने दोरी ओढायची. दिवा लागे, गटाचा प्रमुख धावत येई. अडचण लगेच सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबे. सुरुवातीला ती पुन्हा पुन्हा थांबत असेल, यात शंका नाही. पण प्रत्येक वेळी थांबल्यावर कारण शोधले जाई आणि ते दूर केले जाई. त्यामुळे पुढे ती कमी थांबू लागली आणि गाड्यांमधील दोष कमी झाले. टोयोटा ही जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक झाली, ती कामगाराला दोरी दिल्यामुळे बुडाली नाही. नंतर अनेक देशांतील कारखान्यांनी हीच पद्धत उचलली. आपल्याकडेही काही कारखान्यांत दोरी किंवा बटन असते.

इथे एक खुलासा करतो. जपानमधील लाइनवरचे काम आरामाचे असते, असा माझा दावा नाही. तिथेही सेकंद मोजले जातात, तिथेही माणसे थकतात. पण एका बाबतीत तिथे शहाणपण दिसले. बोल्ट नीट बसला की नाही, हे कचेरीतल्या साहेबाला कळत नाही. ज्याच्या हातात पाना आहे त्याला कळते. त्याचे ऐकायचे असेल, तर त्याला थांबण्याची मुभा द्यावी लागते. फोर्डच्या कारखान्यात रांगेची उंची वाढवल्यावर वेळ वाचला होता, त्यामागेही हेच होते. काम करणाऱ्याच्या पाठीकडे कोणीतरी पाहिले होते.

आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, मधल्या सुट्टीचा हक्क दिला. १९७० मध्ये कंत्राटी कामगारांविषयी कायदा झाला. फोर्डच्या कारखान्यातही कामगारांची संघटना मालकाने मान्य केली, पण त्यासाठी १९४१ साल उजाडावे लागले. तास किती, हे कायदा सांगतो. पण त्या तासात गाड्या किती सुटाव्यात, एका माणसाला एका बोल्टसाठी किती सेकंद मिळावेत, हे बहुतेक वेळा कायद्यात लिहिलेले नसते. तिथे कामगाराला स्वतःच बोलावे लागते, आणि एकट्याने बोलून भागत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. तुम्ही कारखान्यात जा. लाइनवर उभे राहायला लाजू नका. त्या कामात कमीपणा नाही. पण मुलाखतीला जाल, तेव्हा केवळ पगार किती हे विचारून परत येऊ नका. मला एकाच जागी ठेवणार, की दोन-चार जागांचे काम शिकवणार, हे विचारा. कायम करण्याचा नियम काय आहे, कंत्राट कोणाच्या नावावर आहे, ते कागदावर पाहा. तो कागद मराठीत किंवा इंग्रजीत असेल. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांना कागद न वाचता सही करण्याची घाई नडते, हे मी पाहिले आहे. मराठीच्या या तासाचा तुम्हांला याहून मोठा उपयोग कोणता असेल, हे मला ठाऊक नाही. आणि लाइनवर चूक दिसली तर काय करायचे, कोणाला सांगायचे, हेही विचारा. या प्रश्नाचे उत्तर कसे मिळते, त्यावरून कारखाना ओळखता येतो.

मागच्या वर्षी तो विद्यार्थी पुन्हा भेटला. तोच कारखाना, पण आता कामाची जागा बदललेली. मी त्याला टोयोडांच्या मागाची गोष्ट सांगितली आणि विचारले, ‘तुमच्या लाइनवर दोरी आहे का?’

‘बटन आहे, सर.’

‘कधी दाबलेस?’

‘एकदा. एका गाडीत बोल्ट आडवा गेला होता. दाबले. साहेब आले. पहिल्यांदा विचारले, कोणी दाबले? मग विचारले, का दाबले?’

‘मग?’

‘मी दाखवले. त्यांनी पाहिले. बोल्ट काढून नवा लावला, लाइन सुरू झाली. दीड मिनिट गेले असेल.’

त्या दीड मिनिटाचे कोणी काही बोलले का, असे मी विचारले. संध्याकाळी फळ्यावर ते लिहिले होते, असे तो म्हणाला. सबंध लाइनच्या पुढे, त्याच्या जागेचा नंबर घालून. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कायम नोकरीतल्या माणसाने मात्र त्याला चहा पाजला. आता तो पाच जागांचे काम शिकला आहे आणि सहावी जागा मागतो आहे.